स्टुडिओतली चर्चा, कट्ट्यावरची चर्चा: आर्ट स्कूलवर पहिला व्हिडिओ करताना

आर्ट स्कूलवर व्हिडिओ करायचा म्हटलं की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा येतो. कुठला घेऊ, भाड्याने कुठे मिळेल, फोनवर चालेल का? फोनवर चालेल. तो विषय इथेच संपवू, कारण खरी अडचण वेगळी आहे. कॉलेजात दिवसभर कुणी ना कुणी बोलत असतं आणि त्यातलं नेमकं काय धरायचं ते ठरत नाही. मग इमारतीची कमान, रंगाने माखलेले हात, कँटीनमधला हशा, स्लो मोशनमध्ये उडणारी कबुतरं आणि पाठीमागे गिटार, असं काहीतरी तयार होतं. प्रवेशाच्या जाहिरातीला ते ठीक आहे. व्हिडिओ कला म्हणून त्यात बघण्यासारखं फार काही उरत नाही.

माझ्या मते मुंबईतल्या आर्ट स्कूलची खरी गंमत ही की तिथे एकाच कामावर चर्चा दोनदा होते. पहिली स्टुडिओत, काम भिंतीला टेकवून, सर किंवा मॅडमसमोर. ती बरीचशी इंग्रजीत चालते. शहरातली चारपाच मुलं बोलतात. लातूर, सांगली, चंद्रपूरहून आलेली, हात पक्का असलेली मुलं मान डोलावतात. दुसरी चर्चा तासाभराने, कट्ट्यावर, कटिंग हातात घेऊन. तिथे मघाशी गप्प बसलेला मुलगा त्याच चित्राबद्दल एका वाक्यात असं काही बोलून जातो की बाकीचे हसतात आणि मग विचारात पडतात. या दुसऱ्या चर्चेची नोंद कुठल्याही मार्कशीटमध्ये होत नाही. या दोन चर्चांच्या मधे जे अंतर आहे त्यावर व्हिडिओ कसा करायचा, एवढंच इथे सांगतो.

आधी थोडं बघून घ्या

आपल्याकडे चित्रकारांनी कॅमेरा हातात घेणं नवीन नाही. एम. एफ. हुसेन यांच्या १९६७ च्या लघुपटाला बर्लिन चित्रपट महोत्सवात गोल्डन बेअर हा पुरस्कार मिळाला होता. अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या पैशातून १९६९ मध्ये मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं. चित्रकार आणि सिनेमावाले एकत्र येऊन प्रयोग करतील अशी ती जागा होती. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्याचे सुरुवातीचे प्रयोग तिथेच केले. तय्यब मेहता यांनी १९७० मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘कूडल’ केला, जेमतेम सोळा मिनिटांचा. त्यातली वांद्र्याच्या कत्तलखान्याची दृश्यं आजही अंगावर येतात. पदमसी, मेहता, मलानी हे तिघेही १८५७ साली सुरू झालेल्या त्याच जे. जे.चे विद्यार्थी. तेव्हा ‘आम्ही पेंटिंगवाले, व्हिडिओ आमचा प्रांत नाही’ असं कुणी म्हणालं तर हा इतिहास सांगा.

आर्ट स्कूलच्याच रीतीरिवाजातून कलाकृती कशी होते त्याचं परदेशातलं एक उदाहरण मला फार आवडतं. १९७१ मध्ये अमेरिकन कलाकार जॉन बाल्डेसारी यांना कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या कला महाविद्यालयाने प्रदर्शनासाठी बोलावलं. ते स्वतः गेले नाहीत. त्यांनी सूचना पाठवली आणि तिथल्या विद्यार्थ्यांनी गॅलरीच्या भिंतींवर शाळेतल्या शिक्षेसारखं एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून काढलं: मी यापुढे कंटाळवाणी कला करणार नाही. स्वतः बाल्डेसारी हेच वाक्य वहीत लिहीत बसलेत, असा त्यांचा व्हिडिओही आहे. यात महागडं काहीच नाही. एक नियम आहे आणि तो शेवटपर्यंत पाळलाय.

काळा घोडा, फोर्ट, कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्यांमध्ये जाताना नवी मुलं उगाच बिचकतात. प्रवेश मोफत असतो. दार ढकलायचं आणि आत जायचं. केमोल्ड प्रेस्कॉट रोड, प्रोजेक्ट ८८ अशा ठिकाणी व्हिडिओचं काम लागलेलं असेल तर ते पूर्ण बघा, मग पुन्हा पहिल्यापासून बघा. लोक कुठे थांबतात आणि किती वेळाने निघून जातात, तेही बघा. घरबसल्या बघायचं असेल तर २००८ पासून सुरू असलेला पॅड.मा हा ऑनलाइन संग्रह आहे. तिथे फुटेजच्या वेळेनुसार खाली संवाद आणि टिपणं लिहिलेली असतात. आपल्या फुटेजची नोंद कशी ठेवायची हे शिकायला त्याहून चांगली जागा मला माहीत नाही.

पहिला आठवडा कॅमेरा बॅगेतच

वही घ्या आणि चर्चा चालू असताना मागच्या डाँकीवर, म्हणजे चित्र काढताना बसायच्या लाकडी बाकावर, बसा. पानाचे दोन भाग करा. डावीकडे जे बोललं गेलं ते, उजवीकडे त्याच वेळी जे घडलं ते.

डावीकडे कदाचित एवढंच येईल: ‘कॉम्पोझिशन खाली बसतंय. स्पेसचा विचार केलायस का?’ उजवीकडे मात्र बरंच काही सापडतं. जिच्या चित्राबद्दल बोलणं चाललंय ती अंगठ्याच्या नखाखालचा वाळलेला निळा रंग दुसऱ्या नखाने खरवडतेय. तिच्या मागचा मुलगा पुट्टी रबर मळतोय. त्याचं आधी कासव झालं, मग हत्ती झाला, सरांनी नाव घेतल्यावर पुन्हा गोळा झाला. एकीने स्वतःचा कॅनव्हास हळूच भिंतीकडे वळवून ठेवला, आपला नंबर येऊ नये म्हणून. चर्चेचा व्हिडिओ बहुतेक वेळा या उजव्या बाजूलाच असतो.

चर्चेच्या बाहेरचंही लिहा. बेसिनपाशी ब्रश धुवायची रांग. सबमिशनच्या आदल्या दिवशी नोटीस बोर्डासमोरची गर्दी. मोठा कॅनव्हास लोकलच्या डब्यात शिरत नाही म्हणून मालडब्यातून, टोपल्यांच्या मधे तो उभा धरून येणारी मुलं. (स्टेशनच्या आवारात शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते, ट्रायपॉड काढलात की कुणीतरी येऊन उभं राहणारच. कॅनव्हास कॉलेजच्या फाटकातून आत येतो तो क्षण घ्या, तेवढा पुरतो.)

परवानगी

सरकारी कॉलेज असेल तर अधिष्ठात्यांच्या किंवा प्राचार्यांच्या नावे साधा विनंती अर्ज लिहा. कुठल्या खोल्या, कुठल्या तारखा, काय साहित्य, व्हिडिओ कुठे दाखवणार, एवढंच. विभागप्रमुखांची सही आधी घ्या, अर्ज आवक-जावक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेऊनच तिथून हला. त्या पानाचा फोटो फोनमध्ये राहू द्या. फाटकावर रोज उपयोगी पडेल.

कागदी परवानगी इमारतीची असते, माणसांची नव्हे. प्रत्येकाला वेगळं विचारायचं. शिपाई मामांना ‘मामा, इथे अर्धा तास फोन लावून ठेवू का? तुम्ही यात दिसाल, चालेल ना?’ असं सरळ विचारलं की बहुतेकदा चालतं, वर खुर्चीही मिळते. शिक्षकांना पटवणं जरा नाजूक. आपण कुणाला काय बोललो हे कायमचं रेकॉर्ड होणार या कल्पनेने ते अवघडतात आणि ते स्वाभाविक आहे. ‘सर, आधी तुम्हाला दाखवेन, तुम्ही नको म्हणालात तर काढून टाकेन’ असं सांगा आणि शब्द पाळा. वर्गमित्रांसाठी मराठीत चार ओळींचं संमतीपत्र करा: व्हिडिओ कुठे दाखवणार, इंटरनेटवर टाकणार की नाही, आणि कुठल्या तारखेपर्यंत नकार कळवता येईल. मैत्रीत कशाला कागद, असं वाटेल. मैत्री आहे म्हणूनच कागद हवा. तोंडावर ‘नको’ म्हणणं मित्रांनाच सर्वांत जड जातं.

आणि लाइफ स्टडीच्या, म्हणजे माणूस समोर बसवून चित्र काढायच्या वर्गातल्या, मॉडेलकडे कॅमेरा वळवायचा नाही. पाठमोरं नाही, धूसर नाही, आरशात नाही. न्यूड स्टडीसाठी बसणाऱ्या बायकांपैकी अनेकींच्या घरी या कामाबद्दल काही माहीत नसतं. चित्रात त्या ओळखू येतीलच असं नाही, व्हिडिओत येतात. वर्ग सुरू असताना त्या खोलीत फोन बाहेर काढूच नका. त्या विषयावर काम करायचंच असेल तर वर्ग संपल्यावरचं रिकामं मॉडेल स्टँड आहे, त्यावरची चादर आहे, आजूबाजूला अर्धवर्तुळात उभे इझल आहेत.

एक नियम ठरवा

नवशिक्यांचं फुटेज पसरतं कारण सगळंच घ्यावंसं वाटतं. स्वतःला एक बंधन घाला. फक्त हात. किंवा फक्त ऐकणारे, बोलणारा कधीच फ्रेममध्ये नाही. किंवा चर्चा संपल्यानंतरची दहा मिनिटं, खोली रिकामी होईपर्यंत. किंवा एकाच चित्राबद्दल दिवसभरात कोण काय म्हणालं.

दोन चर्चांचा विषय घेतलात तर दोन पडदे हा सगळ्यात सरळ मार्ग आहे: एकावर स्टुडिओ, शेजारी कट्टा. आवाज एका वेळी एकाच बाजूचा. स्टुडिओतला मुलगा गप्प बसलेला दिसतोय आणि कानावर पडतंय ते त्याचं कट्ट्यावरचं बोलणं, एवढ्यावरही पाच मिनिटं सहज उभी राहतात. मात्र ही जोडणी करताना त्या मुलाला आधी दाखवा. कट्ट्यावर मोकळेपणी बोललेलं सरांच्या कानावर जाणार, त्याचे परिणाम तुम्हाला नाही, त्याला भोगायचेत.

कॅमेरा स्थिर ठेवा. फिरता कॅमेरा आला की माणसं कॅमेऱ्याकडे बघतात; कोपऱ्यात ठेवलेला फोन वीसेक मिनिटांत विसरून जातात. पहिली वीस मिनिटं वाया गेली असंच धरून चला.

फोनची तयारी

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होते. फोन बहुधा सेकंदाला तीस फ्रेमवर लावलेला असतो आणि मग व्हिडिओत प्रकाश लपलपतो, पट्टे सरकतात. उपाय सोपा आहे: २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१००. आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘पाल’ फॉरमॅट सुरू केले की २५ चा पर्याय दिसतो. अँड्रॉइडवर प्रो मोड किंवा ब्लॅकमॅजिकचं मोफत कॅमेरा अ‍ॅप चालतंय का बघा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर खिडकीसमोरून कुणी गेलं की सगळी खोली उजळते आणि काळवंडते.

फोन फ्लाइट मोडवर टाका. ऐन चर्चेत फोन आला तर रेकॉर्डिंग तुटू शकतं. लेन्स पुसा. चारकोलची पूड आणि ती कागदावर पक्की करणाऱ्या फिक्सेटिव्हचा फवारा लेन्सवर बसतो, हे आपल्याच कॉलेजांचं खास दुखणं. १०८०पी मध्ये तासाला साधारण आठ जीबी जागा लागते, ४के मध्ये वीसच्या वर. टीव्हीवरच दाखवायचं असेल तर १०८०पी भरपूर झालं.

आवाज, आवाज आणि आवाज

बोलण्याबद्दलचा व्हिडिओ आहे आणि बोलणंच कळत नाही, हा विद्यार्थ्यांच्या कामातला सर्वाधिक दिसणारा दोष. जुन्या इमारतींमध्ये छत उंच, फरशी दगडी, भिंती उघड्या, आवाज घुमतो. वर पंखा. त्यात दादाभाई नौरोजी रोडसारखा रस्ता खिडकीखाली असेल तर बसचे ब्रेक आणि कावळे. हे सगळं नंतर सॉफ्टवेअरने साफ करू असं ठरवू नका. थोडं साफ होतं, पण माणसं नळातून बोलल्यासारखी वाटू लागतात.

दुसरा फोन फक्त आवाजासाठी वापरा. तो चर्चेच्या वर्तुळाच्या मधोमध, स्टुलावर, घडी केलेल्या नॅपकिनवर ठेवा, म्हणजे स्टुलाला लागलेले धक्के ऐकू येणार नाहीत. बोलणाऱ्यापासून तो हातभर अंतरावर असेल तर पंखा असूनही शब्द कळतात. सुरुवातीला दोन्ही फोनसमोर एक टाळी वाजवा. संकलनात चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. एकाच माणसाशी बोलत असाल तर कॉलरला लावायचा वायरवाला साधा माइक चांगला. मे महिन्यात पंखा बंद करायला सांगू नका. आजूबाजूची सगळी तुमच्यावर उखडतील आणि ते बोलण्यातही उतरेल.

खोली रिकामी झाल्यावर मिनिटभर नुसता खोलीचा आवाज घ्या. पंख्याची टकटक, लांबचा हॉर्न, कुणीतरी इझल ओढतंय. संकलनात दोन वाक्यांच्या मधली जागा भरायला हाच लागतो. त्याच्याशिवाय प्रत्येक कट कानाला टोचतो. कँटीनमध्ये सिनेमाचं गाणं लागलं असेल तर ते बंद होईपर्यंत थांबा किंवा जागा बदला. पुढे व्हिडिओ यूट्यूबवर टाकलात की त्या गाण्याच्या हक्काची नोटीस यायची.

संकलन

आधी टाइमलाइनवर जाऊ नका. सगळं बोलणं ऐकून हाताने लिहून काढा, शेजारी वेळ टाका. मराठी, हिंदी, इंग्रजी एकाच वाक्यात असलेलं बोलणं आपोआप लिहून देणारी साधनं अजून फारच गडबड करतात, आणि ‘सर, ते मला असं फील होतं म्हणजे…’ नंतर किती सेकंद शांतता होती, ते त्यात येतही नाही. तुम्ही ती शांतता लिहा. सेकंदांसकट लिहा. मग कागदावरच ठरवा काय राहणार.

सॉफ्टवेअर मोफत मिळतं. लॅपटॉप दमदार असेल तर डाव्हिन्ची रिझॉल्व्ह, जुना असेल तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह. एक खोच: फोनचं फुटेज पुष्कळदा कमीजास्त फ्रेमरेटने साठवलेलं असतं आणि लांबलचक शॉटमध्ये वेगळा घेतलेला आवाज हळूहळू ओठांपासून सरकतो. सुरुवातीलाच हँडब्रेकमधून फाइल एकसमान २५ फ्रेमवर आणून घ्या.

‘अं’, ‘म्हणजे’, अडखळणं कापू नका. बोलता येत नाही हाच जर विषय असेल तर अडखळणं कापून तुम्ही विषयच कापताय. संगीत घालू नका. लांबी पहिल्या कामाला चार ते आठ मिनिटं पुरे.

सबटायटलचा निर्णय मात्र बसून घ्या, कारण इथे तुमची बाजू उघडी पडते. फक्त मराठी बोलण्याखालीच इंग्रजी ओळी दिल्या तर प्रेक्षक कोण धरलाय ते स्पष्ट झालं. इंग्रजी चर्चेखाली मराठी दिली तर मागच्या रांगेत बसलेल्यांना पहिल्यांदाच सगळं कळतंय, असा अर्थ निघतो. दोन्हीकडे दोन्ही द्या, किंवा मुद्दाम एकच द्या, पण सवयीने देऊ नका. कट्ट्यावरचं वऱ्हाडी किंवा कोल्हापुरी बोलणं खाली पुस्तकी मराठीत लिहिलंत तर त्यातला तिखटपणा गेलाच. तांत्रिक बाजू थोडकी आहे: एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण पस्तीस-चाळीस अक्षरं, आणि वाचायला पुरेसा वेळ. फाँट ‘मुक्ता’ घ्या. मुंबईच्याच एक टाइपचा आहे, मोफत आहे, लहान आकारातही मात्रा आणि उकार स्पष्ट दिसतात. काही सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडून टाकतात, तेव्हा ‘स्टुडिओ’, ‘प्रश्न’, ‘दृष्टी’ हे शब्द आधी टाइप करून तपासा.

दाखवताना

वार्षिक प्रदर्शनात जागा मागताना चित्रांसाठी भिंत मागतात तसा व्हिडिओसाठी कोपरा आणि प्लग पॉइंट मागा. मुंबईत दुपारच्या उजेडात साधा प्रोजेक्टर फिका पडतो. खिडक्यांना काळा मांजरपाट लावायची तयारी नसेल तर टीव्हीच बरा. त्यासमोर एक डाँकी ठेवा. बसायला जागा दिसली की माणूस पाच मिनिटं थांबतो. भिंतीवरच्या पाटीवर एकूण लांबी लिहा.

फाइल एमपी४, एच.२६४. पेनड्राइव्ह एफएटी३२ वर फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसणार नाही. एक्सफॅट करून घ्या आणि त्याच टीव्हीवर आदल्या दिवशी चालवून बघा. बरेच टीव्ही लूप करताना मधे काळा पडदा आणि फाइलचं नाव दाखवतात. ते खटकत असेल तर जुना लॅपटॉप जोडा आणि व्हीएलसी रिपीटवर लावा. दोन पडद्यांचं काम असेल तर दोन टीव्ही वेगवेगळे चालवू नका, काही तासांत ते एकमेकांच्या मागेपुढे जातात; दोन्ही दृश्यं शेजारी शेजारी ठेवून एकच रुंद फाइल करा आणि एका पडद्यावर दाखवा.

हेडफोन दिलेत तर दोन द्या, कारण व्हिडिओ बघायला माणसं बहुधा जोडीने येतात. सकाळी हे सगळं कोण सुरू करणार ते आधी ठरवा. बहुतेकदा शिपाई मामाच करतात, तेव्हा मेन स्विच, टीव्ही, लॅपटॉप अशा क्रमाने मोठ्या अक्षरात मराठीत कागद चिकटवा आणि त्यांच्याकडून एकदा करून घ्या.

उद्घाटनाच्या आधी, ज्यांचे आवाज यात आहेत त्या सगळ्यांना बोलावून एकदा चालवा. कुणी म्हणेल हे वाक्य काढ, काढा. कुणी म्हणेल मी असा कधी बोललो. तो वाद तिथेच होऊ द्या, आणि त्यांची हरकत नसेल तर आवाजाचा फोन स्टुलावर ठेवा.